अर्जातला जोहार

नांदेडकडील एका सुताराच्या मुलाने पुण्याच्या कारखान्यात नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. मायना ‘रिस्पेक्टेड सर’, मध्ये ‘आय बेग टु स्टेट’, शेवटी ‘युवर ओबीडिअंट सर्व्हंट’. गावच्या शिकलेल्या मंडळींनी तो वाचला व पोट धरून हसली. पोराने कागद फाडून टाकला. तो नमुना त्याजकडून शाळेत घोकून घेणारे आम्हीच, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

बंधूंनो, ही लाचारी पोराने घरून आणली नाही. इंग्रजांच्या कचेरीतला हा साचा. इकडे तर 1948 पर्यंत निजामाचे राज्य. कचेरीत आधी फारशी, मग उर्दू, आणि अर्जदार स्वतःस ‘फिदवी’, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा, म्हणवी. मराठीत तरी निराळे काय होते? भटजीस साष्टांग नमस्कार, कुणब्याचा रामराम, महाराचा जोहार! जशी पायरी तसा मायना. राज्ये गेली, साचा तेवढा पत्रलेखनाच्या धड्यात उरला.

दुसरे असे की, इंग्रजीत अनोळखी साहेबासही ‘डिअर’ लिहितात. त्यात प्रेम नाही, नुसती रीत आहे. परंतु आमचा मुलगा त्याचा अर्थ ‘प्रिय’ असा करतो आणि परक्या वडील माणसास तसे लिहिताना त्याचा हात अडखळतो. ही चूक आदबीची आहे, अडाणीपणाची नव्हे. हसणाऱ्यांनी एवढे तरी जाणावे.

जोतीराव फुल्यांनी 1882 साली हंटर कमिशनपुढे इंग्रजीत निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, मग विद्या वरच्या वर्गालाच का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. परभाषा वापरली, पण मान खाली घातली नाही.

मुलांनो, अर्ज म्हणजे भीक नव्हे. सुतार गिऱ्हाइकास ‘मी आपला दास’ म्हणत नाही. काम दाखवितो व मजुरी ठरवितो. तसेच लिहा: जागा कोणती, काम काय येते, किती वर्षे केले, केव्हा हजर होऊ. वर ‘डिअर सर ऑर मॅडम’, खाली ‘युवर्स फेथफुली’, बस्स! कारखानदारांनीही रंधा धरणाऱ्याचा हात पाहावा. व्याकरण कशास तपासावे?

आणि गुरुजनहो, तोंडचा जोहार गेला; आता अर्जातलाही आपल्याच हाताने खोडू या.

— एक शाळामास्तर