जाहीर पत्रक : क्लोरीनचा आकडा चौकातल्या फलकावर लावा!

तालुक्याच्या गावात नळाला रोज पाणी येणं ही चैन झाली आहे. कुठे एक दिवसाआड, कुठे चार दिवसांनी, आणि एप्रिल-मे उजाडला की आठवड्यातून एकदा. पाणी सुटायची वेळ झाली की गल्लीतल्या साऱ्या मोटारी एकदम घरघरू लागतात. पहिली बादली गढूळ, तिला गटाराचा वास. ती अंगणात ओतायची आणि दुसऱ्या बादलीपासून पिण्याचं भरायचं, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तक्रार घेऊन पालिकेची पायरी चढायलाही कुणी तयार नसतं. पालिकाही पाणी किती दिवसांनी सुटणार एवढंच जाहीर करते. ते पिण्यालायक आहे का, हे विचारतं कोण आणि सांगतं कोण?

तोच प्रश्न विचारण्यासाठी हे पत्रक आहे.

वास येतो कुठून, यात गूढ काही नाही. मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंत येणारा अर्ध्या इंचाचा पाइप जुन्या गल्ल्यांमध्ये बहुधा गटाराच्या कडेने, काही ठिकाणी चक्क गटारातूनच गेलेला असतो. पाइप गंजलेला, जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पाणी सुरू असतं तोवर आतला दाब घाणीला आत शिरू देत नाही. जे काही गळतं ते बाहेर. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइप रिकामा होतो आणि त्याच भोकांतून गटाराचं पाणी आत झिरपतं. दोन दिवसांनी पाणी सुटतं तेव्हा हा साठलेला ऐवज सगळ्यात आधी घरात येतो. त्यात थेट नळालाच मोटार जोडलेली असली की पाइपात उलटी ओढ तयार होते आणि पाणी चालू असतानाही फटींतून घाण आत खेचली जाते. मोटारवाल्याच्या हौदात पाणी जास्त पडतं, घाणही जास्त पडते. आणि गल्लीच्या टोकाच्या घरात नळ नुसता फुरफुरतो.

फिल्टर हाऊसमधून निघताना पाणी स्वच्छ असतं, हा पालिकेचा दावा खरा धरला तरी लोक फिल्टर हाऊसमध्ये राहत नाहीत. ते गल्लीच्या टोकाला राहतात.

पाण्याने घात केल्याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ पसरली, त्यात माणसं दगावली. २०२२ च्या जुलैत मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत लोक उघड्या विहिरीचं पाणी प्यायले आणि पटकीने माणसं गेली. नळयोजनेची वीज थकबाकीपायी तोडलेली होती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. हातापायांतली ताकद जाते, काहींना थेट व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं, असा हा आजार. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला. त्या भागातल्या खासगी आर.ओ. केंद्रांच्या पाण्याचे नमुने तपासले, तर अनेकांचं पाणी पिण्यास अयोग्य निघालं आणि महापालिकेने त्यांना टाळं ठोकलं. नळावर विश्वास नाही म्हणून जार विकत घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

पण सगळ्यात मोठा धडा आहे तो कॅनडातल्या वॉकरटन या जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावाचा. मे २००० मध्ये तिथे मुसळधार पाऊस झाला. शेतातल्या शेणखताचा अंश भेगाळ खडकातून गावाच्या पाच नंबरच्या उथळ विहिरीत उतरला. विहिरीवर क्लोरीनचं यंत्र होतं. पाण्यात क्लोरीन किती उरतो हे कर्मचाऱ्यांनी रोज मोजायचं, असा नियमही होता. पाणीपुरवठा सांभाळणारे दोघे भाऊ मात्र बहुतेक दिवशी मोजत नसत, नोंदवहीत ०.५ किंवा ०.७५ असा मनचा आकडा लिहून मोकळे होत. पाण्याला क्लोरीनचा वास येतो अशी गावकऱ्यांची कुरकुर असे, म्हणून औषधही हात राखून टाकलं जाई. १७ मे रोजी प्रयोगशाळेने पाण्यात जिवाणू असल्याचं कळवलं. हा अहवाल आरोग्य खात्यापासून लपवला गेला. खात्याने फोन करून विचारलं तेव्हा पाणी ठीक आहे असं उत्तर मिळालं. अखेर २१ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पाणी उकळून पिण्याची सूचना जाहीर केली. तोवर उशीर झाला होता. २३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात जण मेले. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशीत निष्कर्ष निघाला की त्या विहिरीवर क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ टळली असती. दोघा भावांना शिक्षा झाली.

हे घडलं कॅनडासारख्या श्रीमंत देशात. खोट्या नोंदवहीला श्रीमंती-गरिबी कळत नाही.

आपल्याकडे मोजायचं काय, हे कागदावर स्वच्छ लिहिलेलं आहे. भारतीय मानक १०५०० (२०१२) सांगतं की १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू आढळता कामा नये. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५. आणि ग्राहकाच्या नळाशी मोकळा क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरलेला असावा. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. यातला ‘ग्राहकाच्या नळाशी’ हा शब्द महत्त्वाचा. टाकीखाली मोजलेला क्लोरीन टोकाच्या गल्लीत पोहोचेपर्यंत शून्यावर आलेला असू शकतो. क्लोरीन वाटेत घाणीशी झुंजण्यात खर्च होतो; टोकाला तो शून्य असेल तर एक तर क्लोरीनच कमी पडलाय किंवा वाटेत घाण मिसळतेय.

ही तपासणी करायला शास्त्रज्ञ लागत नाही. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओ.टी. द्रावणाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, जसंच्या तसं राहिलं तर नाही. रंगपट्टीशी ताडून आकडाही कळतो. खेडेगावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे काम करतो, पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. मग नगरपालिकेच्या गावात कार्ड कुठाय? पाणी पुरवणं हे १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे, मेहेरबानी नव्हे. ‘निधी नाही’ हे पेटंट उत्तर नव्या पाइपलाइनबाबत एक वेळ ऐकून घेता येईल. परीक्षानळी, चार थेंब आणि खडू यांना निधी लागत नाही.

पालिकेने सगळं केलं तरी घरातली बेफिकिरी जीव घेऊ शकते, हेही इथेच सांगायला हवं. नळाचं पाणी बेभरवशाचं झालं की घरात तीन वस्तू येतात: मोटार, हौद आणि वायर. पाणी सुटलं की ओल्या फरशीवरून एक्स्टेंशनची वायर ओढायची, प्लग दोन पिनचा, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि मोटार पाणी उचलत नाही म्हणून ओल्या हाताने तिला हलवायची. विजेचा धक्का बसून माणूस जायला एवढं पुरतं. मोटार नळावरून काढून हौदावर बसवावी, तिला तीन पिनचा प्लग आणि खरं अर्थिंग असावं, घराच्या मीटरपाशी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावी. ही पेटी गळणारा करंट ओळखून क्षणात वीज तोडते.

जमिनीखालच्या हौदाला लोखंडी झाकण आणि कडी हवीच. उघड्या हौदात खेळतं मूल पडायला एक क्षण पुरतो. बंद हौद धुवायला एकट्याने उतरू नये. आत हवा कोंडलेली असू शकते, त्यामुळे झाकण बराच वेळ उघडं ठेवावं आणि वर दुसरा माणूस दोर धरून उभा असावा. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. साठवलेलं पाणी उघडं राहिलं की त्यात डेंगीचा डास अंडी घालतो, हे वेगळं सांगायला नको.

आणि पाणी शुद्ध करायची मशीन घेऊन दारावर येणाऱ्या विक्रेत्यांपासून सावध राहावं. हातात पेनासारखं टीडीएस मीटर असतं. आकडा मोठा दिसला की ‘तुमचं पाणी विष आहे’ म्हणून सांगतात. ते मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, जंतू मोजत नाही. काविळीचं पाणी दीडशे टीडीएसचं असू शकतं. दुसरा खेळ त्याहून भारी: नळाच्या आणि मशीनच्या पाण्याचे दोन ग्लास ठेवून त्यांत विजेच्या दांड्या बुडवतात. नळाचं पाणी बघता बघता तांबडं-काळं होतं. ती घाण पाण्यातली नसते; दांडीचं लोखंडच झिजून पाण्यात उतरतं. मशीनच्या पाण्यात क्षार नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. बोअरचं पाणी खडकातून येतं म्हणून शुद्धच, हाही भ्रम आहे. शोषखड्डा जवळ असेल तर बोअरमध्ये नायट्रेट उतरतं, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि उकळून ते जात नाही. जंतूंवर मात्र उकळणं हा अजूनही सगळ्यात खात्रीचा उपाय. तुरटीने पाणी नितळ होतं, निर्जंतुक होत नाही. मेडिक्लोरचे थेंब टाकले तर अर्धा तास थांबल्याशिवाय पाणी पिऊ नये.

तेव्हा नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि प्रत्येक नगरसेवकाकडे नागरिकांच्या मागण्या अशा:

१. प्रत्येक प्रभागातल्या शेवटच्या नळावरचा क्लोरीन पाणी सुटेल त्या दिवशी मोजावा आणि तारखेसह चौकातल्या फलकावर लिहावा. मोजताना गल्लीतल्या दोन रहिवाशांना बोलवावं.

२. जिवाणू तपासणीचा महिन्याचा अहवाल पालिकेच्या दारात लावावा. नमुना दूषित निघाला तर त्याच दिवशी गावात दवंडी द्यावी.

३. गटारातून गेलेल्या नळजोडण्यांची यादी प्रसिद्ध करून त्या पावसाळ्यापूर्वी बाहेर काढाव्यात.

४. नळाला थेट जोडलेल्या मोटारी जप्त कराव्यात आणि सुरुवात पुढाऱ्यांच्या घरापासून करावी.

क्लोरीनचा आकडा पालिका आपणहून देणार नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. त्याच कायद्यात नोंदवही प्रत्यक्ष पाहण्याचा आणि प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क दिला आहे. प्रत्येक गल्लीतून एक अर्ज गेला पाहिजे. अर्जात एवढंच विचारावं: गेल्या तीन महिन्यांत आमच्या गल्लीच्या शेवटच्या नळावर क्लोरीन कोणत्या तारखेला मोजला, किती निघाला आणि मोजणाऱ्याची सही कुठे आहे? पाणीपट्टीची पावती अर्जाला जोडायला विसरू नका.