विश्लेषण : वायफायचा पासवर्ड विसरलात? राउटरचं बटण दाबू नका, आधी लॅपटॉप उघडा

घरात नवा टीव्ही आला किंवा पाहुण्यांनी फोन पुढे केला, की हमखास प्रश्न निघतो : आपल्या वायफायचा पासवर्ड काय होता? लिहून ठेवलेली चिठ्ठी सापडत नाही, कनेक्शन बसवून देणारा फोन उचलत नाही. मग कुणीतरी टाचणी घेऊन राउटरमागचं रिसेटचं बटण दाबतं. हा सगळ्यात वाईट उपाय. रिसेटने पासवर्डबरोबर इंटरनेट कंपनीने राउटरमध्ये भरलेली माहितीही अनेकदा पुसली जाते आणि घरभराचं नेट बंद पडतं.

खरं तर पासवर्ड घरातच असतो. जो संगणक वायफायला आपोआप जोडला जातो, त्याने तो साठवलेला असतो. विंडोज ११च्या अलीकडच्या आवृत्त्यांत सेटिंग्जमधल्या 'नेटवर्क अँड इंटरनेट'मध्ये जाऊन 'वायफाय' आणि मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स' उघडा. आपल्या वायफायचं नाव निवडलं की 'व्ह्यू वायफाय सिक्युरिटी की' दिसेल. जुन्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधील 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'मध्ये जोडलेल्या वायफायच्या नावावर क्लिक करा. 'वायरलेस प्रॉपर्टीज'च्या 'सिक्युरिटी' भागात 'शो कॅरेक्टर्स'वर टिक केली की ठिपक्यांच्या जागी अक्षरं येतात. त्यासाठी अ‍ॅडमिनची परवानगी लागते. मॅकवर व्हेंचुरापासून पुढे वायफाय सेटिंग्जच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये नावाशेजारच्या तीन ठिपक्यांत 'कॉपी पासवर्ड' आहे. एवढ्यासाठी 'पासवर्ड शोधून देणारं' फुकटचं सॉफ्टवेअर डाउनलोड करणं म्हणजे किल्ली शोधायला चोराला घरात घेणं.

आता प्रश्न असा, की बँक विसरलेला पासवर्ड कधीच सांगत नाही, नवा करायला लावते. मग संगणक कसा सांगतो? नीट बांधलेल्या यंत्रणेत बँकेकडे तुमचा मूळ पासवर्ड नसतोच. त्यापासून तयार केलेली, उलट न फिरवता येणारी खूण तेवढी असते. संगणकाची बाजू उलटी आहे. त्याला पासवर्ड तपासायचा नसतो, तुमच्या वतीने दर वेळी राउटरपुढे सिद्ध करायचा असतो. म्हणून तो पुन्हा वाचता येईल असाच ठेवला जातो. विंडोज तो कूटबद्ध करते हे खरं, पण कुलूप आणि किल्ली दोन्ही त्याच यंत्रात.

काहींना हा सुरक्षेतला दोष वाटतो. माझ्या मते दोष यंत्रात नाही, आपल्या सवयीत आहे. लॅपटॉप दुरुस्तीला देताना आपण त्याचा पासवर्ड कागदावर लिहून देतो, जुना संगणक तसाच विकतो. त्याबरोबर घरच्या वायफायची किल्लीही जाते, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

यात घाबरण्यासारखं काय, असं वाटत असेल तर २००८ आठवा. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी आलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या इंटरनेट कनेक्शनवरून गेला होता. त्याचं वायफाय दुसऱ्यांनी वापरल्याचं पुढे तपासात दिसलं. पण पोलीस आधी त्याच्याच दारात पोहोचले. कारण बाहेरच्या जगाला दिसतो तो कनेक्शनचा पत्ता. त्यामागे कोण बसलंय, ते नाही.

त्यामुळे पासवर्ड सापडला की तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. बहुतेक नव्या राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क'ची सोय असते, पाहुण्यांना ते द्या. बँकेचा किंवा ई-मेलचा पासवर्ड वायफायला तर कधीच ठेवू नका. लॅपटॉप विकण्याआधी त्यातला सगळा डेटा रीतसर पुसा. आधीच विकला असेल, तर वायफायचा पासवर्ड बदला. त्यानंतर घरातला प्रत्येक फोन, टीव्ही आणि कॅमेरा पुन्हा जोडावा लागेल. अर्धा तास जाईल, जाऊ द्या.