चोरावर मोर होण्याआधी

पूर्वी दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी कधीकधी गायब व्हायची. मंगल कार्यालयाबाहेरून नव्याकोऱ्या चपला जायच्या. गॅलरीत वाळत घातलेला टॉवेल वाऱ्यानं उडाला की कुणी उचलला, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. आपण दोन दिवस चडफडायचो आणि विसरून जायचो. आता दाराशी पुठ्ठ्याचं खोकं येतं. त्यात कुणाची महिन्याची औषधं असतात, कुणाच्या बाळाचे कपडे, तर कुणी चार महिने मन मारून शेवटी मागवलेली साडी. फोनवर निरोप येतो, 'आपलं पार्सल पोचलं आहे.' आणि दार उघडून बघावं, तर पायपुसण्याशिवाय तिथे काही नाही!

अशा वेळी दोन-चार हजार रुपये गेल्याचं दुःख असतंच. पण त्याहून जास्त टोचतं ते हे, की कुणीतरी थेट आपल्या उंबरठ्यापर्यंत आलं आणि हात मारून गेलं. म्हणूनच या चोरीचा राग जरा वेगळाच असतो. पार्सल परत मिळो न मिळो, चोराला एकदा चांगली अद्दल घडली पाहिजे, असं वाटतं. मैत्रिणींनो, मला आज बोलायचं आहे ते या 'अद्दल घडवण्या'बद्दल.

ही चोरी मोठ्या प्रमाणावर गाजली ती अमेरिकेत. तिथल्या बहुतेक घरांना आपल्यासारखं फाटक नाही की रखवालदार नाही. नवरा-बायको दोघंही दिवसभर कामावर. सामान आणणारा माणूस ओसरीवर खोकं ठेवतो आणि निघून जातो. नोव्हेंबरच्या अखेरीस थँक्सगिव्हिंग झालं, की नाताळापर्यंत अशा ओसऱ्या खोक्यांनी भरलेल्या असतात. तिकडे राहणाऱ्या तुमच्या लेकीला किंवा भाचीला विचारा, ती सांगेल. या चोरांना तिथे नावच पडलं आहे, 'पोर्च पायरेट', म्हणजे ओसरीवरचे चाचे. टेक्सास राज्यानं तर २०१९ मध्ये यासाठी वेगळा कायदा करून शिक्षा वाढवली.

पण कायद्यापेक्षा जास्त गाजला तो सूड. नासामध्ये काम केलेल्या मार्क रोबर या इंजिनिअरचं पार्सल चोरीला गेलं. त्यानं मग एक खास खोकं बनवलं. चोरानं ते उघडलं की चहूकडे चमकी उडायची, घाणेरडा वास सुटायचा आणि आत लपवलेले चार फोन चोराची फजिती टिपायचे. डिसेंबर २०१८ मध्ये आलेला त्याचा व्हिडिओ जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिला. मीही पाहिला आणि पोट धरून हसले. पुढची गोष्ट मात्र फार कमी जणींना माहीत असते. त्या व्हिडिओतल्या पाचपैकी दोन चोऱ्या खऱ्या नव्हत्याच! खोकं दारात ठेवायला ज्याची मदत घेतली होती, त्याच्याच ओळखीच्या माणसांनी ते उचललं होतं. हे कळल्यावर रोबरनं माफी मागितली आणि तेवढा भाग काढून टाकला. म्हणजे आपण ज्यांच्या फजितीवर हसत होतो, त्यातले काही चोर नव्हतेच.

दुसरी गोष्ट जुनी आहे, पण हसण्यासारखी नाही. आयोवा राज्यात ब्रायनी नावाच्या शेतकरी जोडप्याचं एक जुनं, रिकामं घर होतं. तिथे वारंवार चोऱ्या व्हायच्या. खिडक्यांना फळ्या ठोकून झाल्या, पाट्या लावून झाल्या. शेवटी १९६७ मध्ये त्यांनी आतल्या खोलीत बंदूक बांधली. दार उघडलं की ती आपोआप उडेल, अशी सोय केली. नवऱ्यानं नेम पोटावर धरला होता. बायको म्हणाली, जरा खाली घ्या, पायावर लागू दे. जुन्या बाटल्या आणि बरण्या उचलायला आलेल्या माणसाचा पाय त्या गोळीनं कायमचा अधू झाला. चोरी केल्याची शिक्षा त्याला झालीच. पण नुकसानभरपाईच्या दाव्यात ब्रायनींना ३० हजार डॉलर देण्याचा निकाल लागला आणि १९७१ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं तो कायम केला. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं : निव्वळ मालमत्ता वाचवण्यासाठी माणसाच्या जिवाशी खेळता येणार नाही. बाटल्यांची किंमत किती आणि त्यापायी मोजलेली किंमत किती!

तुम्ही म्हणाल, आपण कुठे बंदूक बांधतो? खरं आहे. आपल्याकडचं हत्यार वेगळं आहे. जिन्यातला कॅमेरा आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. आणि त्याचा नेमही पुष्कळदा भलत्यावरच लागतो.

आमच्याच सोसायटीत एका वहिनींचं पार्सल हरवलं. दीड-दोन हजारांचा कुर्ता होता. कॅमेऱ्यात पाहिलं, तर धुणंभांडी करणाऱ्या एक मावशी भरदुपारी हातात खोकं घेऊन जिना उतरताना दिसल्या. अर्ध्या तासात ती क्लिप ग्रुपवर. खाली लिहिलेलं, 'ओळखा पाहू कोण!' संध्याकाळपर्यंत निरोपांचा नुसता पाऊस. कुणी म्हणे पोलिसात द्या, कुणी म्हणे उद्यापासून सगळ्या बायकांच्या पिशव्या फाटकावर तपासा. 'आधी त्यांना विचारू या का?' असं मी लिहिलं, तर उत्तर आलं, 'पुरावा समोर असताना काय विचारायचं?' मावशी त्या ग्रुपवर नव्हत्याच. दुसऱ्या दिवशी सकाळी रखवालदारानं त्यांना फाटकातच अडवलं. तीन घरांची कामं एका सकाळी गेली.

ते खोकं रिकामं होतं. चौथ्या मजल्यावरच्या आजींनी त्यांच्याकडे टाकायला दिलं होतं. आणि वहिनींचं पार्सल? ते 'बी' विंगमधल्या त्याच नंबरच्या घरात गेलं होतं. ते लोक गावाला गेलेले, म्हणून शेजाऱ्यांनी आत ठेवून घेतलं होतं. चार दिवसांनी ग्रुपवर निरोप आला, 'मिळालं हं, थँक्स ऑल.' हात जोडल्याचं चित्र. बस्स. क्लिप कुणी पुसली नाही.

दोन घरांनी मावशींना परत बोलावलं, पण त्या आल्या नाहीत. पुढे एकदा भाजीच्या गाडीपाशी भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, "ताई, पैशाचं जाऊ द्या हो. कामं काय, दुसरी मिळतात. पण माझ्या सुनेनं ते फोनमध्ये बघितलं ना."

यावर काय बोलणार? कुर्ता परत आला. मावशींची अब्रू कुठल्या पत्त्यावर परत पाठवायची?

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. पण हा संन्यासी कोण असतो, ते नीट बघा. संशय कधी पाचव्या मजल्यावरच्या साहेबांवर जात नाही. तो जातो कामवालीवर, रखवालदारावर, कचरा नेणाऱ्या मुलावर, नाहीतर दिवसाला शंभर जिने चढणाऱ्या डिलिव्हरीवाल्या पोरावर. ज्यांना उलट बोलता येत नाही, त्यांच्यावर. आणि आपल्या घराच्या किल्ल्या ज्यांच्या भरवशावर असतात, त्या बहुतेक आपल्यासारख्याच बायका असतात.

मग काय, चोरी मुकाट्यानं सोसायची? मुळीच नाही! भांडायचं, पण योग्य दाराशी. माझंही एक पार्सल असंच 'पोचलं' होतं. मी कंपनीला एवढंच लिहिलं : वस्तू कुणाच्या हातात दिली, त्याचं नाव आणि वेळ कळवा. त्यांना ते सांगता आलं नाही. पंधरा दिवस पिच्छा पुरवावा लागला, पण पैसे परत आले. पैसे आपण वस्तूचे मोजतो, दाराशी ठेवलेल्या फोटोचे नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीकडे तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा. त्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं. दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

घराच्या पातळीवरही थोडं करता येतं. महागाची वस्तू ओटीपी दिल्यावरच हातात मिळेल, अशी सोय असेल तर तीच निवडा. पत्त्यात विंग ठळक लिहा. आपण घरी नसू, त्या वेळेसाठी एका शेजारणीला सांगून ठेवा आणि तिचंही पार्सल आपण घ्या. रखवालदाराकडे पार्सलं ठेवायची असतील, तर त्याला कपाट आणि नोंदवही द्या. नुसती जबाबदारी देऊ नका. आणि खरंच चोरी झाली असेल, तर कॅमेऱ्यातलं चित्रण पोलिसांकडे द्या, ग्रुपवर नको. चारचौघांत कुणाला खोटंच चोर ठरवलं, तर बदनामीचा गुन्हा आपल्याच अंगाशी येऊ शकतो.

जाता जाता कायद्यातली एक तरतूद सांगते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, पहिलाच गुन्हा असेल आणि चोरानं ती वस्तू किंवा तिचे पैसे परत केले, तर त्याला तुरुंग नाही. समाजसेवेची शिक्षा आहे. म्हणजे गुन्हा सिद्ध झालेल्या चोरालासुद्धा कायदा सुधारायची एक संधी देतो. आणि आपण मात्र काहीच सिद्ध न झालेल्या बाईला अर्ध्या तासात शिक्षा देऊन मोकळ्या होतो.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर अशी क्लिप आली, की अंगठा दाबण्याआधी एकच प्रश्न विचारा : 'त्यांना कुणी विचारलं का?' सगळ्यांत पहिली तुम्ही विचारा. मग दुसरीला विचारायचं धाडस आपोआप होईल.