विश्लेषण : डिझेल पिकअपचे ‘रिमॅपिंग’ खरेच ॲव्हरेज वाढवते?

नारायणगावचा टोमॅटो असो वा नाशिकची पालेभाजी, शेताच्या बांधावरून बाजार समितीपर्यंत माल पोहोचवते ती बहुतेक वेळा डिझेल पिकअप. या धंद्यात भाडे ठरलेले, टोल ठरलेला, कर्जाचा हप्ताही ठरलेला. काटकसर करायला उरते ते फक्त डिझेल. त्यामुळे ‘लॅपटॉप जोडतो, तासाभरात गाडीचा दमही वाढेल आणि ॲव्हरेजही’ असे सांगणारा गॅरेजवाला चालक-मालकाला हवासा वाटला तर नवल नाही. त्याच्या दाव्यात थोडे तथ्य आहे. अडचण आहे ती या लाभाची किंमत कुठे आणि कोण मोजतो, यात.

रिमॅपिंगमध्ये काय बदलते?

पूर्वी डिझेलचा पंप ‘वाढवायचा’ म्हणजे स्क्रू पिळायचा. कॉमन रेल इंजिनांत हे काम ईसीयू हा छोटा संगणक करतो. कोणत्या वेगाला, किती भाराला, किती डिझेल, किती दाबाने आणि नेमके कधी फवारायचे, टर्बोने किती हवा कोंबायची, याचे तक्ते त्यात साठवलेले असतात. तक्ते म्हणजेच ‘मॅप’. ते वाचून, बदलून पुन्हा भरणे म्हणजे रिमॅपिंग. डिझेल इंजिनात ज्वलनाला लागते त्यापेक्षा जास्त हवा असते. त्यामुळे डिझेल थोडे वाढवले की ताकद लगेच वाढते. माळशेज किंवा कसारा घाटात भरलेल्या गाडीला एक गिअर कमी बदलावा लागतो, तो यामुळेच.

मात्र ही ताकद फुकटची नसते. उत्पादकाने इंजिन, टर्बो, क्लचप्लेट आणि गिअरबॉक्स यांत जी सुरक्षित उसंत ठेवलेली असते, तीच वापरली जाते. एक्झॉस्टचे तापमान चढते आणि त्याचा मार आधी टर्बो आणि पिस्टनवर बसतो. दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरणाऱ्याला तर ही उसंत आधीच उरलेली नसते.

आणि ॲव्हरेज?

इंधनाची फवारणी किंचित आधी केली तर ज्वलन अधिक कार्यक्षम होते आणि डिझेल थोडे वाचते. पण त्याच वेळी सिलिंडरमधील तापमान वाढून नायट्रोजन ऑक्साइड वायू अधिक तयार होतात. ते मर्यादेत राहावेत म्हणून उत्पादकाने थोड्या ॲव्हरेजवर पाणी सोडलेले असते. गॅरेजवाला तेच परत मिळवून देतो.

हे किती? महिन्याला ४,००० किलोमीटर धावणारी, लिटरला १३ किलोमीटर देणारी गाडी धरू. ॲव्हरेज ५ टक्के वाढले, तर सुमारे १५ लिटर वाचतील. लिटरला ९० रुपये धरल्यास साधारण १,३०० रुपये. तेही चालकाने नव्या ताकदीचा मोह टाळून पाय हलका ठेवला तर. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर तर विसंबूच नये. तो ईसीयूच्याच हिशेबावर चालतो आणि तक्ते बदलले की चुकू शकतो. टाकी काठोकाठ भरून किलोमीटर मोजण्याची जुनी पद्धतच खरी.

एवढी बचत अन्य मार्गांनीही होते. टायरमधली हवा नियमित तपासणे, एअर फिल्टर वेळेवर बदलणे आणि महामार्गावर ८०ऐवजी ६०ने चालवणे, हे ते मार्ग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि केबिनच्या वर रचलेले क्रेट, फडफडणारी ताडपत्री यांनी तो आणखी वाढतो. शिवाय या उपायांनी वॉरंटी जात नाही.

डीपीएफ काढून टाकण्याचा आग्रह कशासाठी?

खरा वाद इथे आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमार्गात काजळी पकडणारी गाळणी, म्हणजे डीपीएफ, आली. ती भरली की आतली काजळी साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाळावी लागते. त्यासाठी ईसीयू जादा डिझेल फवारतो आणि गाडी काही वेळ सलग धावणे आवश्यक असते. बाजार समितीच्या दारात रांगेत उभी राहणारी, दहा-बारा किलोमीटरच्या फेऱ्या मारणारी पिकअप सलग धावणार कधी? प्रक्रिया अर्धवट राहते, दिवा लागतो, गाडीची ताकद कमी होते. वारंवार असे झाले तर न जळलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते.

म्हणजे चालकाची तक्रार खोटी नाही. गाडी विकताना डीपीएफची कामगिरी ग्राहकाला कितीशी समजावली जाते, हाही प्रश्नच आहे. दिवा लागताच महामार्गावर पंधरा-वीस मिनिटे खालच्या गिअरमध्ये एकसारखी गाडी चालवणे आणि कमी राख उरणारे, कंपनीने सांगितलेलेच ऑइल वापरणे, या दोन गोष्टींनी बहुतेक त्रास टळतो. पण ज्याला हे कुणी सांगितलेच नाही, त्याला गॅरेजमधला ‘डीपीएफ पोकळ करून ईजीआर बंद’ हा तोडगा सोयीचा वाटतो. गाडी हलकी पळते. काजळीचे सूक्ष्म कण मात्र थेट हवेत जातात आणि पहिल्यांदा जातात ते चालक, हमाल आणि बाजारातल्या भाजीवाल्यांच्या फुप्फुसात.

अमेरिकेत काय घडले?

पिकअपवेड्या अमेरिकेत हा उद्योग फार मोठा झाला. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने (ईपीए) नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या अंदाजानुसार, साधारण दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपमधील प्रदूषण नियंत्रण यंत्रणा निकामी करण्यात आली होती. त्यातून या गाड्यांच्या आयुष्यभरात ५ लाख ७० हजार टन जादा नायट्रोजन ऑक्साइड बाहेर पडतील, असा हिशेब मांडला गेला. तिथे मुद्दाम काळ्या धुराचे लोट सोडण्याची हौसही आहे. पण दोष फक्त गॅरेजचा नव्हता. रॅम पिकअपच्या इंजिनांत चाचणी चुकवणारी यंत्रणा बसवल्याच्या आरोपावरून कमिन्स कंपनीने डिसेंबर २०२३ मध्ये १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले. आरोप कंपनीने स्वीकारले नाहीत, दंड मात्र स्वीकारला.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत. असे बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ अ नुसार प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिक्षा मालकाला आहे; तक्ते विकणारा गॅरेजवाला या तरतुदीत येत नाही.

त्याहून मोठी त्रुटी तपासणीत आहे. डिझेल गाडीची पीयूसी चाचणी धुराची घनता मोजते, नायट्रोजन ऑक्साइड मोजत नाही. ईजीआर बंद केल्याने काळा धूर उलट कमीच होतो. म्हणजे अधिक विषारी वायू सोडणारी गाडी चाचणीत स्वच्छ ठरू शकते. इलाज अवघड नाही. गॅरेजवाला ज्या ओबीडी सॉकेटमध्ये लॅपटॉप जोडतो, तिथेच तपासनीसाचे यंत्र जोडले तर ईसीयूतील सॉफ्टवेअर मूळ आहे की बदललेले, डीपीएफचा दाब संवेदक जिवंत आहे की नाही, याचा बराचसा उलगडा होईल. व्यावसायिक पिकअप योग्यता प्रमाणपत्रासाठी पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दर वर्षी तपासणीला येतेच. त्या रांगेत ही एक केबल जोडण्याचा आदेश निघाला पाहिजे, आणि त्याच खिडकीवर डीपीएफ कशी जपायची याचा मराठीतला कागदही चालकाच्या हाती पडला पाहिजे.