घर आणि कायदा : अपघातानंतर वकील कसा निवडावा?

बेळगावकडच्या किंवा सोलापूरकडच्या एखाद्या घरी रात्री अवेळी दूरध्वनी येतो. बंगळुरूत नोकरीस असलेल्या मुलाच्या दुचाकीस मोटारीने धडक दिली आहे. पाय मोडला आहे, पण प्राणास धोका नाही. वडील मिळेल त्या गाडीने निघतात आणि सकाळी इस्पितळात पोहोचतात. शहर अनोळखी, भाषा परकी, मन सैरभैर. अशा वेळी व्हरांड्यात एक गृहस्थ आपुलकीने जवळ येऊन म्हणतो, “काळजी करू नका. दहा लाख मिळवून देतो. आज एक पैसाही नको. मिळतील त्यांतला चौथा हिस्सा आमचा. फक्त येथे सही करा.”

वाचकहो, त्या पित्यास हा देवदूतच वाटला तर नवल नाही. परंतु ही सही करू नये, एवढे सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे वकिलाने स्वतः किंवा दलालामार्फत कामे मिळवीत फिरणे निषिद्ध आहे. तसेच फी निकालावर अवलंबून ठेवणे किंवा वसुलीत वाटा ठरविणे हेही निषिद्ध आहे. असा करार हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सांगून ठेविले आहे. जो पहिल्याच भेटीत आपल्या व्यवसायाचा नियम मोडतो, तो आपले हित सांभाळील हा भरवसा कशाच्या आधारावर ठेवावा?

मग घाई कशाची करावी? पहिली उपचारांची. केंद्र सरकारच्या २०२५ च्या योजनेनुसार, नेमून दिलेल्या इस्पितळांत अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार मिळण्याची तरतूद आहे. तिची चौकशी प्रथम करावी. दुसरी कागदांची. पोलिसांचा प्रथम खबरी अहवाल, पंचनामा, इस्पितळातील नोंदी, औषधांच्या पावत्या, पगाराचा दाखला, हे सारे एका पिशवीत तारीखवार ठेवावे. मूळ प्रती आपणाजवळ, नकला वकिलाजवळ.

वकिलासाठी मात्र चार दिवस थांबण्यास हरकत नाही. १ एप्रिल २०२२ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार मोटार अपघाताचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावयाचा असतो. या मुदतीस न्यायालयात आव्हान दिले गेले आहे खरे. परंतु शहाण्याने त्यावर विसंबू नये.

पुष्कळांना ठाऊक नसलेली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. अपघात बंगळुरूत झाला म्हणून दावा बंगळुरूतच लावला पाहिजे असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे, अपघात जेथे झाला तेथे, अर्जदार जेथे राहतो तेथे, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथे, यांपैकी सोईच्या ठिकाणी न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुलगा बरा होण्यासाठी गावी परतणार असेल आणि तेथेच राहणार असेल, तर आपल्या जिल्ह्यातील माहितीचा वकील हाच सोईचा. तो बंगळुरूतच राहणार असेल, तर तेथील लघुवाद न्यायालयात ही प्रकरणे चालतात, आणि तीच कामे नित्य करणारा वकील तेथे शोधावा.

चांगला वकील ओळखावा कसा? तो काय देऊ करतो यावरून नव्हे, काय विचारतो यावरून. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे कर्नाटकातील एका भाजीविक्रेत्याचे प्रकरण आले होते. अपघातात त्याचा पाय गेला होता. खाली त्याच्या कार्यक्षमतेची हानी शेकडा ६५ धरली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती ८५ धरली. उत्पन्नाचा लेखी पुरावा नसतानाही महिना साडेसहा हजार रुपये कमाई मान्य केली. भाजी विकणाऱ्याने पगाराचा कागद कोठून आणावा? आणि अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्याने अवयव गमावणे म्हणजे बहुधा उपजीविकाच गमावणे, हे न्यायालयाने जाणले. म्हणून जो वकील विचारतो, “अपघातापूर्वी तुम्ही कोणते काम करीत होता? आता त्यांतले काय करता येत नाही? घरी कोण कोण अवलंबून आहे?” तो आपल्या कामाचा. जो आकडा आधी सांगतो आणि कागद नंतर पाहतो, त्यास नमस्कार करावा.

फी किती आणि कोणत्या टप्प्यास द्यावयाची, हे लिहून घ्यावे व पावती मागावी. वकीलपत्र आपल्या भाषेत वाचून घेतल्यावाचून सही करू नये. कोऱ्या कागदावर तर कधीच नव्हे. वकील बदलावा लागल्यास, फी थकली म्हणून त्यास आपले कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ठरविले आहे. तसेच भरपाईची रक्कम थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जमा करण्याचे निर्देश त्याच न्यायालयाने २०२५ मध्ये दिले आहेत. म्हणून खाते क्रमांक द्यावा तो आपलाच.

आणि फी परवडत नसेल तर? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना, उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा हक्क आहे. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. बंगळुरूत सिद्धय्या रस्त्यावरील ‘न्याय देगुल’ या इमारतीत राज्य प्राधिकरणाचे कार्यालय आहे. देशात कोठूनही १५१०० या क्रमांकावर विचारणा करता येते.

मोडलेले हाड काही महिन्यांत सांधेल. घाईत केलेली सही मात्र वर्षानुवर्षे सलत राहील. म्हणून त्या व्हरांड्यातील गृहस्थास एवढेच सांगावे, “आधी मुलाला पाहून येतो.” आणि खरोखरच मुलाकडे जावे.