कर्जाचं पुनर्गठन झालं, पण खात्यावर ‘होल्ड’ का? सही करण्याआधी आणि नंतर शेतकऱ्याने काय बघावं

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारने बाधित तालुक्यांसाठी ज्या सवलती दिल्या, त्यात दोन गोष्टी कर्जाशी संबंधित होत्या : सहकारी कर्जाचं पुनर्गठन आणि शेतीकर्जाच्या वसुलीला एक वर्ष स्थगिती. गावात मात्र याचा अर्थ ‘आता बँक काही बोलणार नाही’ असा घेतला गेला. स्थगिती म्हणजे माफी नव्हे. वसुली थांबते, व्याजाचं मीटर चालूच राहतं. आणि खरी अडचण कर्जखात्यात कमी, बचत खात्यात जास्त येते.

पुनर्गठनात नेमकं काय होतं?

रिझर्व्ह बँकेच्या नैसर्गिक आपत्तीबाबतच्या 2018 च्या निर्देशांनुसार पिकाचं नुकसान 33 ते 50 टक्के असेल तर परतफेडीला जास्तीत जास्त दोन वर्षं आणि 50 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत मुदत देता येत होती. दोन्हीत पहिलं एक वर्ष हप्त्याची सूट धरलेली होती. समजा 1 लाख 20 हजारांचं पीककर्ज पाच वर्षांवर नेलं, तर पहिलं वर्ष सोडून चार हप्ते, म्हणजे वर्षाला 30 हजार मुद्दल आणि वर व्याज.

फायदा असा की खातं थकीत धरलं जात नाही आणि नवीन पीककर्ज मिळायची वाट मोकळी राहते. तोटा व्याजात आहे. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला राज्यात शून्य टक्के पडतं. पुनर्गठित रकमेवर व्याजाची सवलत साधारण पहिल्याच वर्षी असते, दुसऱ्या वर्षापासून नेहमीचा दर लागतो. त्यामुळे ज्याच्याकडे भरायची सोय आहे त्याने नुसतं ‘सगळे करतायत’ म्हणून सही करण्यात अर्थ नाही.

आपत्ती येण्याआधीच जे कर्ज थकीत होतं, ते या पुनर्गठनात बसत नाही. त्यांच्यासाठी उरते ती एकरकमी तडजोड. तिथे ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला भरली नाही तर तडजोड मोडते आणि हिशोब पुन्हा जुन्या आकड्यावर जातो.

होल्ड कशामुळे लागतो?

कर्ज आणि बचत खातं एकाच बँकेत असेल तर बँक बचतीतली रक्कम अडवू शकते. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 171 चा आधार बँका सांगतात. दुसऱ्या बाजूला, आपत्तीच्या मदतीतून बँकांनी कर्जवसुली करू नये असं सरकार मदतीच्या शासन निर्णयांत लिहीत आलं आहे. दोन्ही गोष्टी कागदावर आहेत, मग अडतं कुठे?

अडतं ते संगणकावर. होल्ड एखाद्या रकमेला न लागता बहुतेक वेळा अख्ख्या खात्याला लागतो. मग त्यात अनुदान आलं काय, पीएम-किसानचे 2 हजार आले काय किंवा सोयाबीनची पट्टी आली काय, सगळंच अडकतं. काउंटरवरचा माणूस ‘वरून लागलंय’ म्हणतो आणि शेतकरी परत येतो. तोंडी गेलेल्या माणसाची नोंद कुठेच राहत नाही. म्हणून कोणत्या नियमाने आणि किती रकमेसाठी होल्ड लावला, याचा लेखी अर्ज शाखेत द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यावा. पासबुकात मदतीची नोंद असलेल्या पानाची झेरॉक्स सोबत जोडावी. याच अर्जाची एक प्रत तहसीलदारांकडे आणि एक जिल्हा अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकांकडे द्यावी. राष्ट्रीयीकृत किंवा ग्रामीण बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याची माहिती 14448 या क्रमांकावर मिळते.

घरखर्च वेगळा, हप्ता वेगळा

जाणकारांचा सल्ला सरळ आहे : घरखर्चाचं खातं कर्ज नसलेल्या बँकेत किंवा पोस्ट बँकेत ठेवावं. पण नुसतं नवीन खातं उघडून भागत नाही. आधारवर येणारे सरकारी पैसे शेवटी ज्या बँकेला आधार जोडलं, तिथेच जातात. सध्या कोणती बँक जोडलेली आहे ते ‘माय आधार’ संकेतस्थळावर दिसतं. बदलायचं असेल तर नव्या बँकेत संमतीचा फॉर्म भरावा लागतो. हे कर्ज बुडवण्यासाठी करायचं नाही. हप्त्याचे पैसे मोंढ्यातून आल्याबरोबर कर्जाच्या बँकेत भरायचेच आहेत. फक्त दवाखाना, किराणा आणि पोरांची फी त्यात अडकू नये एवढंच.

सही करताना हप्त्याची तारीख बघावी. कापूस-सोयाबीनचा पैसा दिवाळीनंतर हातात येतो आणि हप्ता जूनमध्ये असेल, तर पेरणी आणि हप्ता एकाच वेळी अंगावर येतात. खात्यातून आपोआप कपातीची मंजुरी दिली असेल तर त्या दिवशी शिल्लक हवीच. नसेल तर हप्ता तर चुकतोच, वरून दंडही कापला जातो. रोख भरताना पावतीवर कर्जखात्याचाच नंबर आहे ना, हे तिथेच उभं राहून वाचावं. पैसे बचत खात्यात पडले तर हप्ता भरल्याचं दिसत नाही.

माफीची भीती

‘पुनर्गठन केलं तर माफीतून नाव जाईल’ असं पारावर ऐकू येतं. 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत 2 लाखांपर्यंतच्या पुनर्गठित पीककर्जाचाही समावेश होता. पुढच्या योजनेच्या अटी तिचा शासन निर्णय ठरवेल. तो हातात येईपर्यंत माफीच्या भरवशावर हप्ता थांबवणं म्हणजे खातं थकीत करून घेणं.

कर्ज किंवा तडजोड पूर्ण फिटल्यावर बेबाकी दाखला मागून घ्यावा आणि तो तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्यावा. सातबारा कोरा दिसेपर्यंत जुन्या पावत्या फेकू नयेत.