नोकरी लागली, आता पुढं काय?



गेल्या महिन्यात लातूरच्या एका वस्तीत बीपी तपासत बसले होते. एक आई तरण्या पोराला हाताला धरून घेऊन आली. "सिस्टर, ह्याला नोकरी लागून सहा महिने झाले. घरात सगळं चांगलं आहे, पण हा धड जेवत नाही, धड बोलत नाही. कुणाची नजर लागली का?" पोरगा खाली मान घालून म्हणाला, "ताई, आठ वर्षं एकच ध्यास होता. आता सकाळी उठून कशासाठी पळायचं तेच कळत नाही."

नजर वगैरे काही नसतं. पण पोराचं दुखणं खरं होतं. मी ते आमच्याच घरात पाहिलंय.

आमचे दादा नांदेडचे, नामांतराच्या लढ्यातले. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडातच गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. त्या दिवशी दादांनी सगळ्या गल्लीत पेढे वाटले.

आणि उन्हाळा लागेपर्यंत तेच दादा ओट्यावर गप्प बसायला लागले. झोप गेली. कुणी बोलवायला आलं तर "बरं नाही" म्हणायचे. सोळा वर्षं ज्यासाठी जगले ते मिळालं होतं. आम्हाला वाटायचं, आता तर सुखाचे दिवस, मग ह्यांना काय झालं? कुणी विचारलंच नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. शेजारची एक मुलगी शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन आली, "काका, ह्यावर सही कुठं मिळते?" मोर्चे काढून दादांना प्रत्येक कचेरीचं दार माहीत होतं. ते तिच्यासोबत गेले. मग दुसरी आली, तिसरा आला. वर्षभरात दादा पुन्हा पहिल्यासारखे बोलायला लागले. लढ्यात जे शिकले होते, ते लढा संपल्यावरही उपयोगाचं होतं.

माझं स्वतःचं मत सांगते, काहींना पटणार नाही. नोकरी लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी आपण पोरापोरींना म्हणतो, "आता समाजाचं ऋण फेड." घरचे म्हणतात, "आता बहिणीचं लग्न कर, घर बांध." खानदानातलं पहिलंच शिकलेलं लेकरू, वर्षानुवर्षं रात्री जागून थकलेलं. त्याच्या डोक्यावर आपण लगेच दुसरं ओझं ठेवतो. ऋण फेडलंच पाहिजे, पण आधी त्याला दम घेऊ द्या. बाबासाहेब १९२३ मध्ये लंडनची पदवी घेऊन परतले. बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली २० जुलै १९२४ ला. मधल्या काळात त्यांनी वकिली सुरू केली, संसार सांभाळला. मग आपल्या लेकरांना सहा महिने द्यायला काय हरकत आहे?

मीही जीएनएम करून सरकारी दवाखान्यात लागले, तेव्हा तीन वर्षं असंच रिकामं रिकामं वाटलं. ते कृतघ्नपणाचं लक्षण समजून मी गप्प राहिले, ती माझी चूक झाली. पुढं एका रविवारी विहारात बायकांचं बीपी तपासायला बसले, आणि त्यातूनच आजचं काम उभं राहिलं. दिशा बसून विचार करून सापडली नाही, एका छोट्या कामातून सापडली.

आता नर्स म्हणून सांगते. घरात असं माणूस दिसलं तर आधी रक्त तपासून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल, थायरॉईड बिघडलं असेल, तरी माणूस असाच मलूल होतो. आपल्या बायकांमध्ये तर हे फार. रिपोर्ट चांगले आले तर त्याच्याजवळ बसा, ऐका. "सगळं मिळालं तरी रडतोस?" असं म्हणू नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, कशातच मन नसेल, किंवा दारू सुरू झाली असेल, तर डॉक्टर गाठा. नांदेडला विष्णुपुरीत आणि लातूरला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आणि जगण्यात अर्थ नाही, मरून जावं, असं कुणी बोललं तर एक दिवसही थांबू नका, त्याला एकटं सोडू नका.

त्या आईला मी एवढंच सांगितलं, "बाई, आधी ह्याचं रक्त तपासू. आणि एक महिना ह्याला लग्नाचं विचारू नका." पोरगा पहिल्यांदा हसला. जाताना मी त्याला म्हटलं, रविवारी वस्तीतल्या दोन पोरांना भरतीचा फॉर्म भरायचाय, जमलं तर ये, नाही जमलं तरी चालेल.

तो आला होता. उशिरा आला, पण आला.